उघाडी

फॉर्मच्या नवव्या रकान्यात छापलंय:
संरक्षण यंत्रणा, असल्यास.
असल्यास!
जणू कडी नसलेलंही घर असतं कुठे.

सुगंधा पराडकर, वय चव्वेचाळीस, तोंडवळी.
नवऱ्याची बोट गेली त्याला अकरा महिने.
ती तीन कप चहा ओतते.
एक मला, एक तिला,
एक चुलीच्या कडेला, बशीने झाकून.
"वारो फिरलो. खंयतरी बंदराक लागले असतले."
मी लिहिते: नकार.
पेन मध्येच अडतं, झटकावं लागतं.

तेवढ्यात भावेशच्या हातून सुक्या मासळीची पाटी कलंडते.
ती सुंभ उचलते
आणि प्रत्येक फटक्याला विचारते,
"सांगान जावक काय झाला हुता तुका?
सांगान जावक काय झाला हुता?"
पोरगा कुठेच गेलेला नाही.
दारातच उभा आहे, पायांत मासळी.
याला विस्थापन म्हणतात.
परीक्षेत आलं होतं. दहापैकी आठ मार्क.

परतताना खाडीच्या बांधावर दाजी मेस्त्री भेटतात,
उघाडीच्या फळीवरची शेवाळ खरवडत.
भरती आली की पाणीच तिला दाबून धरतं,
ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून वाट काढतं.
हात कुणी लावायचा नाही.
"एकदा एका शाण्यान भर उधाणात
पहारीन उचकटल्यान.
खारा पानी भितर इला.
तीन वर्सां दाणो नाय गावलो."

माझ्या पिशवीत दुसराही एक कागद आहे, मदतीचा अर्ज.
'बेपत्ता' या शब्दाखाली तिची सही हवी.
तीन भेटी झाल्या, तो घडीतच आहे.
अजून तयारी नाही, मी ऑफिसात सांगते.
तिची, असंही सांगते.
आणि घरी जाताना किनाऱ्याचा रस्ता घेत नाही,
त्या रस्त्याला खड्डे फार.

चौथ्या भेटीला पुन्हा तीन कप.
बोलणं रेशनचं, भावेशच्या शाळेचं,
जाळ्याला लागणाऱ्या दोऱ्याच्या भावाचं.
मग तिने तिसऱ्या कपावरची बशी उचलली,
वाकून आत पाहिलं.
"साय धरल्यान," म्हणाली,
बोटाने ती काढली
आणि कप भावेशपुढे सरकवला.
तो आईकडे बघतच राहिला.
"पी. थंड जाता."

नववा रकाना मी कोरा ठेवला.
बाहेर ओहोटी होती की काय,
ते बघायचं राहून गेलं.