पहिला आकडा

हॅनकॉकच्या रस्त्यांना दोन-दोन नावं,
वर इंग्रजी, खाली फिनिश,
आणि दोन्हींवर सारखाच बर्फ.
मिशिगनच्या या टोकाला मी आले
बॅगेत पंपाच्या कास्टिंगचा नमुना घेऊन,
साडेचार किलो, इचलकरंजीचं बीड,
विमानतळांवर तीनदा उघडून दाखवलेलं.

गाडी चालवत होता टोइवो लाहतेला.
त्याचा पणजोबा इथल्या तांब्याच्या खाणीत आलेला.
म्हणाला, "आम्ही आता अमेरिकन, थोडंफार बोलतो.
राइलीबाई मात्र थेट टांपेरेहून आल्यात.
नऊ म्हणजे नऊ.
आणि त्या गप्प बसल्या तर घाबरू नका."
एवढं बोलून तो स्वतःच
पूल ओलांडेपर्यंत गप्प.

आमच्याकडे नऊ म्हणजे घरातून निघायची वेळ.
मी पावणेनऊलाच दारात, नाक लाल.

हस्तांदोलन एकदाच, घट्ट, संपलं.
प्रवास कसा झाला, मुलं किती,
कुणी विचारलं नाही.
हुपरीचा चांदीचा करंडा पुढे केला, तर
"कंपनीच्या नियमात बसतो का, बघून सांगते."
काळी कॉफी आली. पुन्हा आली.
मग राइली कौप्पिलाने कास्टिंग उचललं,
कडेवरून अंगठा फिरवला
तान्ह्याच्या टाळूवरून फिरवावा तसा.
"किंमत?"

मी सांगितली.

आणि शांतता.

शांतता म्हणजे काय, मला ठाऊक आहे:
गिऱ्हाईक पायात चपला सरकवतंय.
बोलणाऱ्याची बोरं विकतात, आप्पा म्हणायचे,
मी तर त्या टोपलीतच वाढलेली.
म्हणाले, दोन टक्के कमी करू.
खिडकीबाहेरून बर्फ लोटणारी गाडी गेली.
म्हणाले, चार. आणि पॅकिंग आमच्याकडून.
टेबलापलीकडे तीन माणसं,
तिघांचे डोळे कागदावर,
एकाचीही भुवई हलेना.
सहा म्हणताना माझा आवाज
बाजार उठताना मेथी विकणाऱ्या बाईसारखा झाला.

राइलीने मान वर केली.
"माफ करा, जाडी आणि वजन जुळवत होते.
पहिला आकडा बरोबर आहे. तोच लिहिते."
पेन थांबलं.
"एक विचारू? तो खरा नव्हता का?"

वीस वर्षांत गिऱ्हाइकांनी उधारी बुडवली,
दोघांनी शिव्या घातल्या,
हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.
"खरा होता," मी म्हणाले,
आणि त्यापुढे काही जोडलं नाही.
अवघड गेलं.

संध्याकाळी सॉना. बोलावलं तर नाही म्हणायचं नसतं,
आत धंद्याचं बोलायचं नसतं, टोइवोने बजावलेलं.
जोडे दाराशी काढायचे,
एवढं एक मला घरून येत होतं.
लाकडी फळीवर टॉवेल घट्ट धरून मी,
शेजारी राइली, निवांत,
साहेबपण बाहेर खुंटीला टांगलेलं.
तिने दगडांवर पळीभर पाणी टाकलं.
चर्र.
मग कितीतरी वेळ काहीच नाही.
मी मनात वाक्यं जुळवत होते,
हवेविषयी, तळ्याविषयी, तिच्या कानातल्यांविषयी.

आणि घामाच्या धारेत अचानक आठवलं,
ही तर माझ्या ओळखीची आहे.
रस ओतून झाल्यावर
साचा उघडायच्या आधीची.
भट्टीवरचा म्हातारा रावसाहेब लोंढे
नव्या पोरांचा हात धरून ठेवतो तेव्हाची.
घाई केली तर तडा जातो.
मी टॉवेल जरा सैल सोडला.

रात्री आठला फोन केला, तिकडे साडेसहा,
आप्पांचा पहिला चहा.
"काय म्हणाले?"
"फारसं काही नाही."
"बरं, मग किती उतरलीस?"

सांगणार होते लगेच.
खिडकीबाहेर पाटीवर
दोन्ही नावं बर्फाने पुसली होती.
बशी ठेवल्याचा आवाज आला तिकडून,
मग आप्पा घाबरून,
"हॅलो? हॅलो? आहेस ना गं?"