खळ

बाहेर सेहेचाळीस. कूलरच्या खसातून
आत येते तीही झळच.
मी काळ्या रबरी बाह्यांत हात घालते,
काचेपलीकडे, आर्गॉनमध्ये,
आणि चिमट्याने उचलते लिथियमची चकती:
नखाएवढी, पाण्यावर तरंगेल इतकी हलकी,
आणि पाण्याशीच वैर.

धातू तसा वाईट नाही.
परत येताना वाट सोडतो, एवढंच.
दर चार्जिंगला सुईसारखा उगवतो थोडा,
मग सुईवर सुई,
पातळ द्रवातून थेट पलीकडे.
त्या वाढीला खळ नाही.
टोक भिडलं की संपलं.

संपलं म्हणजे काय, ते तांडापेठेत पाहिलंय.
रूपलालकाकांची ई-रिक्षा, जिन्याखाली, रात्रभर चार्जिंगला.
तीन वाजता शिट्टीसारखा आवाज,
मग गोडसर, अनोळखी वास,
मग जिनाच.
आता ते डाव्या हाताने चहा पितात
आणि विचारतात,
"काहून वं पोरी, तुह्या बॅटरीचं कुठवर आलं?"

कुठवर.
पहिला जेल दह्यासारखा फुटला.
चौथा इतका घट्ट की आयन जागचे हलेनात.
अकरावा बरा होता,
तर लाईट गेली आणि ओव्हन थंडावला.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली,
खळीसारखंच की.
पातळ झाली तर ताणा तुटतो,
जाड झाली तर फणीत अडतो.
बोटाला लागावी, बोटावरून ओघळू नये.
हातमाग विकला तेव्हा मी बारावीत होते.
तिच्या बोटांतलं माप कुणी विकत घेतलं नाही.

मी ते वाक्य नोंदवहीत लिहिलं.
सरांनी विचारलं, हे कुठलं एकक?

विसाव्या नमुन्याला लायटर लावला.
काळवंडला, आखडला,
ज्योत काढली तसा गप्प.
आम्ही दोघीच होतो. सुचितानं पुन्हा लावून पाहिला.
पुन्हा गप्प.

आज तीनशे बारावी फेरी.
पडद्यावरची रेघ सरळ आहे,
आणि सरळ रेघेवर माझा विश्वास नाही.

रात्री घरी जाताना पाहिलं:
नवी रिक्षा रस्त्यावरच, वायर खिडकीतून,
शेजारी खाटेवर काका,
उशाशी रेतीची बादली.
जागे होते. मला हाक मारली.
मी सांगितलं, चालू आहे.
आकडा सांगितला नाही.

त्यांनी ती रेती इतक्यात ओतून टाकू नये.