गळती

रोहिदास वाघधरे, वय बावन्न,
पाणी खातं, एफ नॉर्थ.
रक्त द्यायला बसले तेव्हा
खुर्चीला टेकवून ठेवली लांब पोलादी काठी,
वरच्या टोकाला पितळी वाटी, कानाला लावायची.
ही कशाला? मी विचारलं.
ड्युटीवरनं थेट आलो, बाई.
रात्री दोन ते चार आम्ही रस्ता ऐकतो.

सायनला खड्ड्यात पाय गेलेला,
नडगीची जखम भरली, पुन्हा पाझरली.
एक्स-रेवर डॉक्टरांनी लिहिलं, नॉर्मल.
हाड सावकाश कबूल होतं.
तिसरा हिस्सा झिजेपर्यंत
फिल्मवर ओरखडाही दाखवत नाही.
वाघधरे हसले. रस्ता कोरडाच असतो की,
म्हणाले, पाणी खालच्या खाली चालू असतं.

उभ्या नळीत रक्त लावून मी घड्याळ बघते.
तांबडं खाली बसत जातं, वर पिवळसर पाणी.
तासाभरात अठ्ठ्याण्णव मिलिमीटर.
इतक्या घाईनं बसणारं रक्त
काहीतरी सांगत असतं, पत्ता देत नाही.
सीआरपीचंही तेच, आग लागलीय म्हणतो,
माळा सांगत नाही.

एमआरआयचा नंबर अठराव्या दिवशी.
काठी बाहेर ठेवा, दारावरचा मुलगा म्हणाला,
चावी, पट्टा, तंबाखूची डबीसुद्धा.
चाळीस मिनिटं ठोकाठोक.
वाघधरे वैतागून बाहेर आले:
एवढा गोंगाट करून काय ऐकू येणार?
गळती ऐकायची तर शहर झोपायला लागतं.

चित्रात मात्र नडगीच्या मध्यावर
मगज काळा दिसायला हवा तिथं
पांढरी ओल पसरलेली,
आणि ओलीच्या पोटात काळा तुकडा,
मेलेलं हाड, जिवंत हाडानं वाळीत टाकलेलं.

नाव अजून नव्हतं.
नावासाठी आधी औषध बंद करावं लागतं,
पंधरा दिवस, दुखत असताना.
सुगंधाताईंनी मला खिडकीतच गाठलं:
माणूस रात्रभर कण्हतोय नि तुम्ही म्हणता थांबा?
गोळी चालू असली की जंतू दडून बसतो,
मी म्हटलं. हे वाक्य मला पाठ आहे.
त्या वाक्याशी नाही, माझ्याशी बोलत होत्या.

वॉर्डातून जखमेच्या तोंडावरचा बोळा आला,
तो मी परत पाठवला.
दारात उभा असलेला प्रत्येकजण
घरातला नसतो.

मग थिएटरमधून हाडाचा कण,
तांदळाच्या कणीएवढा.
रक्ताच्या अगारवर घासला, सदतीस अंशांत ठेवला.
पहिला दिवस, काही नाही.
दुसरा, काही नाही. वाटलं, माझंच चुकलं,
उशीर झाला असेल, वाळला असेल.
तिसऱ्या सकाळी ताटलीच्या कडेला
टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके, सोनेरी, नऊ.
सुंदर होते.
फोनवर हे सांगायचं नसतं.

रिपोर्ट न्यायला आले ते काठीसकट.
कुठं फुटलंय ते कळलं ना?
हो.
काय फुटलंय तेही?
हो.
मग खणा की, बाई, विचारता काय.

त्याच हाडाची दुसरी बाटली, टीबीची,
अजून पाच आठवडे आहे माझ्याकडे.
रोज साडेनऊला उजेडात धरते.
स्वच्छ आहे.
म्हणजे, दिसायला.