उघाडी

हिंगोलीहून कुडाळपर्यंत, दोन गाड्या बदलत,
मी एकच वाक्य पाठ करत आलो:
"नमस्कार, मी मृदा प्रयोगशाळेतून."
पुढचं वाक्य समोरचा म्हणेल, असा हिशेब.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "खंय जावचा हा?"
आणि पाठ केलेलं सगळं तिथेच खर्ची पडलं.
"नमस्कार," मी म्हणालो, "मी मृदा प्रयोगशाळेतून."
त्याने आरशातून नीट पाहिलं.
"बरा आसा. पन जावचा खंय?"

वेंगुर्ल्याला सभागृहाच्या दारात
एका मुलीने घाईघाईत गळ्यात बिल्ला अडकवला.
वैद्यनाथ.
मी वैजनाथ.
सांगायला तोंड उघडेपर्यंत
मागचा माणूस माझ्या जागी उभा होता.
मग दोन दिवस मी वैद्यनाथच.
खरं सांगतो, सोपं गेलं.
जीभ अडखळली ती त्याची, घाम त्याचा,
वैजनाथ आत कुठेतरी
पंख्याखाली बसून होता.

चहाची सुट्टी मला कुणी शिकवलीच नाही.
कप कुठल्या हातात, हसू किती वेळ धरायचं,
घोळक्याला फट असते म्हणतात, ती नेमकी कुठून.
मी भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याची सूचना वाचली.
खिळ ओढा, नळी धरा, दाब द्या.
परत वाचली. परत.
त्याची मुदत मार्चमध्येच संपलेली.
सगळ्यांच्या उपयोगाचं
असं हे एक वाक्य माझ्याकडे होतं
आणि ते घेऊन मी भिंतीशी उभा.

सोलकढीचा पेला दोन्ही हातांत धरला
की हात मिळवावे लागत नाहीत.
चार पेले झाले.
अकोल्याच्या मंदाकिनी देवतळे म्हणाल्या,
"सोलकढी फार आवडलेली दिसते."
"तुम्हालापण," मी म्हणालो.
त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

ते "तुम्हालापण" रात्री तीनपर्यंत खोलीत होतं.
खिडकीखाली समुद्रही
एकच शब्द पुन्हा पुन्हा चुकत होता,
पण त्याला सवय असावी.

माझ्या निबंधाला आठ मिनिटं. पाचात उरकला.
क्षारांची रेघ पडद्यावर चढत गेली
तसा आवाज उतरत गेला.
"प्रश्न?" अध्यक्षांनी सभागृहाला विचारलं.
"नाही, आभारी आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बसने खाजण दाखवायला नेलं.
बांध एवढा अरुंद की एकामागे एक चालायचं.
शेजारी कुणी नाही!
पुढे एक पाठ, मागे कुणाचे तरी जोडे,
दोन्हीकडे चिखल, त्यात खेकड्यांची घाई.
मी चक्क शीळ घातली. हळू.

बांधाच्या पोटात उघाडी.
जाड फळी, वरच्या कडेला अडकवलेली,
शेवाळलेली, कालवं चिकटलेली.
राखणदार जनू आरोसकर उकिडवा बसला होता.
"ही बंद कोण करतं?" कुणीतरी विचारलं.
"कोणच नाय. पाणीच लावता तिका."
भरती आली की भरतीच्याच रेट्याने ती मिटते.
ओहोटीला आतलं गोडं पाणी
हळूच तिला बाहेर ढकलतं.

"आणि कायमची उघडी ठेवली तर?"
हा आवाज माझा आहे
हे मला जरा उशिरा कळलं.
जनूने वहीवाल्या साहेबांकडे नाही,
माझ्याकडे पाहिलं.
"मगे भात खंय? सगळा खारा जातला."

परतीच्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती,
तिथे देवतळे मॅडम बसल्या.
"वैद्यनाथ, पाणी आहे का?"
"वैजनाथ," मी म्हणालो, आणि बाटली दिली.
बराच वेळ गेला.
माडांमागून एक शाळा, एक काजूचा कारखाना.
मग मी म्हणालो,
"सभागृहातल्या त्या नळकांड्याची मुदत संपली आहे."
"मार्चमध्ये," त्या म्हणाल्या.
"जिन्याजवळच्याची तर त्याच्याही आधी."

कुडाळ येईपर्यंत
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
बाहेर आता भरती होती की ओहोटी,
रस्त्यावरून दिसत नव्हतं.