रेघेच्या खाली

सिन्नरच्या एमआयडीसीत मी बुश मोजते.
गो गेज आत गेला पाहिजे, नो-गो जाता कामा नये,
इतकंच काम, एकोणीस वर्षं.
दोन शतांश जास्त निघाला की लाल खोका.
ऑपरेटर म्हणतात, गायधनी मॅडमपुढे
देवाचाही बुश रिजेक्ट होईल.

सेकंड शिफ्ट सुटते साडेअकराला.
मोहदरी घाट उतरताना कडेचा पांढरा पट्टा
दिसेनासा झाला, तेव्हा आधी डोळे तपासले.
नंबर तोच.
मग राहिली गाडी. तेरा वर्षांची वॅगनार,
शिळ्या चहाच्या रंगाचा उजेड.

कॉलेज रोडच्या दुकानातल्या पोरानं डबी उघडली,
सोनार अंगठी दाखवतो तशी.
एलईडी. सहा हजार केल्विन. मागे इवलासा पंखा.
"कायद्यात बसतं का?" मी विचारलं.
"सॉकेटात बसतं ना, मॅडम."
मी हसले. पैसे दिले.

काय दिसलं त्या रात्री!
कुत्र्यांचे डोळे, किलोमीटरचे दगड,
बंद रसवंतीवरचा फोन नंबर, शेवटचा खोडलेला आकडासुद्धा.
समोरून येणारे अप्पर-डिप्पर मारत होते.
जळतात मेले, म्हटलं मी मनात.

दोन महिने कुणी पावती फाडली नाही.
द्वारकेच्या चौकात हवालदारानं एकदा
एक हात डोळ्यांवर आडवा धरला
आणि दुसऱ्या हातानं मला जाऊ दिलं.

गेटवर रात्रपाळीला निवृत्ती कडभाने असतो.
दांडा वर करतो, वहीत नंबर लिहितो.
"तुमची गाडी लांबनंच कळती, मॅडम."
मला बरं वाटलं.
"म्हंजे डोळे मिटूनच घेतो आम्ही.
मिटल्यावरबी जे पांढरं दिसतं ना, ते तुम्ही."
तक्रारीचा सूर नव्हता, हजेरी सांगावी तसा.
वही सहीला पुढे केली.
माझा नंबर बरोबर होता,
फक्त आखलेली ओळ सोडून, तिरका.

वडाळा नाक्यावर मुनीर तांबोळी,
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.
माझा दिवा काढला, जुन्या बल्बशेजारी धरला,
नखानं दाखवलं:
"ह्याची तार इथं. ह्याची चिप इथं.
मागचा आरसा तारेच्या मापानं घडवलाय, ताई.
फरक म्हणाल तर, असेल दीड मिलिमीटर."

दीड.
आमच्याकडे दीड मिलिमीटर चुकत नाही कुणी.
तेवढं चुकायला मशीन पडावं लागतं.

त्यानं साठ-पंचावन्नचा साधा हॅलोजन बसवला,
मग ओल्या पॉलिशपेपरनं वरची काच घासत बसला.
तेरा उन्हाळे पिवळट पाणी होऊन
बंपरवरून गळत राहिले.
बल्ब तर आधीचाही ठीक होता, तो म्हणाला.
मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

दिवेलागणीला गाडी भिंतीसमोर लावली,
पंचवीस फूट, त्याच्या पावलांनी.
भिंतीवर खडूची रेघ.
स्क्रू फिरवत तो बोलत होता, माझ्याशी की दिव्याशी:
"उजव्या हाताला मान खाली. डावीकडे थोडं चढू दे,
कडेनं चालणाऱ्याचे पाय दिसतात."
"आणि रेघेच्या वर?"
"वर लोक राहतात."

आता घाटात पांढरा पट्टा दिसतो, डिप्परवरच.
रसवंतीचा नंबर दिसत नाही, चालतं.
काल दांडा वर करताना कडभानेनं समोर पाहिलं.
त्याच्या भुवईवर टाक्याची जुनी खूण आहे,
मला माहीत नव्हतं.

ते दोन एलईडी अजून डिकीत आहेत,
स्टेपनीखाली, डबीसकट.
मावसभाऊ अर्ध्या किमतीत मागतो आहे,
त्याचं ओझरला रात्रीचं जाणं-येणं असतं.
नाही म्हणायला रोज विसरते.
लाल खोका कंपनीत राहतो.