सर्वनामाची चौकशी

केर्तोमोजोत ऊसगाळपाचे शेवटचे दिवस होते.
गिरणीचा भोंगा पहाटे चारला, पुन्हा सहाला,
आणि काकवीचा वास इतका दाट
की वाळत घातलेल्या बाटिकला मुंग्या लागायच्या.

माझे वडील वेदोनो. डच साहेबापुढे ते
जमिनीवर बसत, आणि लोक त्यांच्यापुढे
उकिडवे सरकत येत.
आमच्या जावाच्या भाषेतही अशीच उतरंड:
वरच्यांशी बोलायचे शब्द निराळे, खालच्यांशी निराळे.
भातालासुद्धा दोन नावं,
कोणाच्या पानात पडलाय ते बघून.

रेस्पाती छापखान्यात खिळे जुळवायचा.
उलटी अक्षरं झरझर वाचायचा,
सुलट वाचताना अडखळायचा.
त्याच्या मंडळींनी त्या वर्षी ठरवलं होतं:
यापुढे सगळ्यांना 'तू'.
हमालाला तू, हाजीला तू, माझ्या वडिलांनाही तू.
नुसत्या एका सर्वनामासाठी
बाजारात दोघांची डोकी फुटली होती.

मग नोव्हेंबरात धरपकड झाली,
आणि त्याच्या गादीखाली ते पत्र सापडलं,
मला लिहिलेलं, न पाठवलेलं.

मंडपात चौकशी. वर खुर्चीत फान स्टेनिस,
खाली चटईवर आम्ही सगळे.
दुभाषी प्रिंग्गो वाचत होता, घसा खाकरत:
तू उद्या येऊ नकोस. पुलावर शिपाई आहेत.
तुझा दिवा विझला की मी समजेन.
तू जेवलीस का?

साहेबानं पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या.
अकरा वेळा, म्हणाला. वेदोनोच्या मुलीला,
एक छापखान्यातला मजूर, अकरा वेळा 'तू'.
हे बंड आहे, की दुसरं काही?

दुसरं काही, मी म्हणाले.
मोठ्यानं म्हणाले. मला वाटलं, त्यानं तो सुटेल.
वडील चटईकडे बघत होते.
तिची एक काडी निसटली होती,
ती बोटानं परत खोचत होते.

रेस्पाती हसला.
हिला मी ओळखत नाही, म्हणाला.
मी सगळ्यांनाच तू म्हणतो.
साहेब, तुलाही.

प्रिंग्गोनं डचमध्ये सांगताना घाबरून
त्याचं 'आपल्यालाही' करून टाकलं.
पण साहेबाला तेवढी जावा भाषा येत होती.

त्याला दिगुलला नेलं, जंगलात, बोटीनं,
जिथे ताप लोकांना फितूर करतो म्हणे.
माझं लग्न मीठखात्यातल्या एका कारकुनाशी झालं.
भला माणूस. आयुष्यभर मला 'आपण' म्हणाला,
मीही त्याला. आमचं कधी भांडण झालं नाही.
भांडायला जी भाषा लागते
ती आमच्या घरात नव्हतीच.

तीन वर्षांनी एक कार्ड आलं,
दोन ओळींवर काळी शाई फिरवलेली.
उरलेलं सगळं वरच्या भाषेत, नियमाबरहुकूम:
आपली प्रकृती कशी आहे. आपल्या वडिलांस नमस्कार.
इकडे क्विनीन वेळेवर मिळते.
कोणी शिकवलं त्याला इतकं शुद्ध?
की पहारेकऱ्याच्या नजरेआडून जपायला
तेवढाच एक शब्द हातात उरला होता,
म्हणून तो त्यानं लिहिलाच नाही?

पुढे जपानी आले, गेले. प्रजासत्ताक आलं.
आता सगळे एकमेकांना भाऊ म्हणतात, बहीण म्हणतात.
पोस्टातला पोरगा मला आई म्हणतो.
चांगलं आहे. त्याच्या मंडळींना हवं होतं
ते बहुतेक हेच असावं.

त्या दिवशी खोटं कोण बोललं, तो की मी,
हे मी पुष्कळदा ताडून पाहिलंय.
त्या अकरा 'तूं'मधले काही पक्षाचे असतील,
काही माझे. जेवलीस का, हा तरी माझा.

काल पेटी आवरताना कार्ड सापडलं.
काळ्या पट्ट्यांखालचं काही दिसतंय का म्हणून
आरशासमोर धरून पाहिलं.
उलटी अक्षरं त्याला वाचता यायची.