लवंगेचं तेल

खंडेराव मार्केटच्या मागे रमणभाईकडे
मी नासके पेरू मागितले की तो अजून हसतो,
"अंबादासभाई, आ तो सडेलां छे!"
सडलेलेच दे बाबा,
विद्यापीठाला सडलेलंच लागतं.

तिसऱ्या दिवशी फोडींवर पांढरी वळवळ.
एकोणतीस वर्षं माझं काम एवढंच:
अळी चिमट्याने उचलायची,
कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेवायची.
सकाळी मांस विरघळलेलं, आणि तळाशी
तिळाहूनही लहान एक काळा सांगाडा,
पुढे दोन आकडे, मागे दोन पातळ पट्ट्या.
मग अल्कोहोल. मग लवंगेचं तेल, म्हणजे काच स्वच्छ दिसते.
घरी गेलो की बायको विचारायची,
"दात दुखतोय का हो?"

दिघेबाई फळ्यावर तीन अळ्या काढायच्या.
पहिली डासाची, सूरसागरच्या काठच्या डबक्यातली:
हिला गोल, टणक, चांगलं डोकं,
डोळ्यांचे ठिपके, मिशांसारखे ब्रश.
दुसरी गोमाशीची: अर्धं डोकं बाहेर, अर्धं छातीत,
चहाला थांबावं की निघावं
हे न कळणाऱ्या पाहुण्यासारखं.
तिसरी आपल्या पेरूतली.
तिला नुसतं टोक. बस.

राजमहाल रोडवरचा शिर्क्यांचा पोरगा म्हणाला,
"बाई, मग हिच्या डोक्यात कुठं माशी शिंकली?"
वर्ग हसला. मीही, मागे, बाटल्या पुसत.
बाई हसल्या नाहीत.
"डोकं गेलेलं नाही. अंड्यात असतानाच आत वळलंय,
मोज्याचं तोंड आत ढकलावं तसं.
आडवे चालणारे जबडे उभे झाले,
चावायचं सोडून उकरायला लागले.
जी दिवसभर अन्नातच बुडून असते
ती कवटी कशाला वागवेल?
आणि डासाची पुढे जाऊन माशी झाली, असं लिहू नका.
दोघींची पणजी डोकेवाली होती.
एकीनं ते बाहेर ठेवलं, एकीनं पोटाशी घेतलं."

त्या आकड्यांच्या वळणावरून बाई नाती लावत,
ही कुठल्या कुळातली, कुणाची चुलत.
दांडिया बाजारात म्हातारे आडनाव ऐकून
गाव विचारतात, तसंच.
आम्ही साताऱ्याकडचे, म्हणे.
मी सातारा पाहिलेला नाही.
पण लिंबाच्या लोणच्याला आई जो शब्द वापरायची
तो इथं दुसऱ्या कुणाच्या तोंडी नाही.

एकदा सुट्टीत बाटली खिडकीत राहिली.
तपकिरी कोश, गव्हाच्या दाण्यांसारखे.
बाईंनी सांगितलं होतं, आत आधीच सगळं उलटलेलं असतं:
मागून दाब येतो,
आणि घडी घालून ठेवलेले डोळे, मिशा
घशाजवळून बाहेर येतात.
ते मला दिसलं नाही. मला दिसलं झाकण.
कोशाचं टोपण हललं,
कपाळातून एक ओला फुगा फुगला, ओसरला,
पुन्हा फुगला.
नोकरीत मला कधी डोकं वर काढता आलं नाही
असं मी सगळ्यांना सांगायचो.
त्या दिवशी स्टुलावर बसून बघत राहिलो.
माशी बाहेर आली, तिचे पंख चुरगळलेले,
आणि पहिलं काम काय,
तर हात चोळू लागली, शेटजीसारखी.

बाई आता मुलाकडे असतात.
अभ्यासक्रमातून अळी गेली,
पोरं पडद्यावर बघतात, फिरवून फिरवून.
शिसवी पेटीत तीनशे बारा काचा आहेत,
लेबलांवर अक्षर माझं,
त्यातल्या सत्तावीसवर स्पेलिंग चुकलेलं,
बाईंनी ते कधीच सुधारलं नाही.

पेरू मी तरीही आणतो.
संध्याकाळी कीर्तिमंदिराकडून चालत घरी येतो,
कुलूप काढतो,
बोटांना लवंगेचा वास.
दात दुखतोय का, कुणी विचारत नाही.
दुखत नाही.